हौदातली हळद

हरणाबाईला शेवाळाचा भारी तिटकारा. शेवाळानं तुझं काय घोडं मारलं, असं कुणी विचारलंच तर तिचं उत्तर तयार असायचं. लग्न होऊन आली त्याच साली विहिरीच्या पायरीवर तिचा पाय घसरला, भरल्या घागरीसकट ती खाली आपटली आणि सगळी वस्ती पोट धरधरून हसली. तेव्हापासून दिसेल तिथलं शेवाळ खराट्यानं खरवडून काढायचं, हा तिचा नेम. आणि नशिबाची गंमत अशी, की तिच्या एकुलत्या एका लेकाला, बालाजीला, बायको मिळाली ती शेवाळ पिकवणारी.

सून तेर गावची, नाव वर्षाराणी. धाराशिवच्या एका कॉलेजात ती शेवाळावर संशोधन करत होती. बालाजी शाळेत मास्तर. वस्ती नळदुर्गच्या अलीकडं, बोरी नदीच्या अंगाला. घरात आजोबा-पणजोबापासून मेंढरं आणि थोडीफार शेती. विहिरीजवळ मेंढरांना पाणी पाजायची एक दगडी डोण होती. उन्हाळ्यात ती आटली की तिच्या तळाला लालभडक साय धरायची, कुणी मूठभर कुंकू सांडावं तशी. वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, तुळजापूरची आई इथनं गेली तेव्हा तिच्या करंड्यातलं सांडलं. दर मंगळवारी तिथं हळद वाहायची रीत होती. नव्या नवरीला पाया पडायला डोणीपाशी नेलं, तर ती वाकली, डोळे विस्फारून बघत राहिली, आणि पाया पडायच्या ऐवजी केसातली पिन काढून ते कुंकू खरवडायला लागली.

हरणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं ए! आईचं कुंकू हाय ते!"

"आत्या, हे जिवंत आहे," वर्षाराणी म्हणाली. हळद लागलेल्या हातात तिनं ती लाल चिमूट अशी धरली होती, की जणू चिमणीचं पिल्लू सापडलंय. "शेवाळ आहे हे. पाणी असलं की हिरवं असतं. पाणी आटलं, ऊन तापलं, खायला मिळेनासं झालं, की लाल रंग पांघरून निजतं. पाणी आलं की पुन्हा उठतं."

हरणाबाईनं मान उडवली. शिकल्यासवरल्या पोरी काहीबाही बोलतात. पण सुनेनं ती चिमूट काचेच्या पेल्यात टाकली, वर पाणी ओतलं आणि पेला खिडकीत ठेवून दिला. सत्यनारायण झाला, मांडव उतरला, पाहुणे गेले. एके दिवशी हरणाबाई खिडकी पुसायला गेली तर पेल्यातलं पाणी पोपटी झालेलं. तिनं पेला उचलून उन्हात धरला, फिरवून फिरवून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती शेवाळाकडं खराटा न घेता बघत होती.

पुढं कॉलेजात वर्षाराणीनं त्याच डोणीतल्या शेवाळावर काम धरलं. ती काय करते ते हरणाबाईला नीट कळलं ते तीनेक वर्षांनी एका दुपारी, शेंगा फोडता फोडता.

"लाल रंग एकदम होत नाही, आत्या. आधी पिवळा होतो, मग त्या पिवळ्याचाच लाल. मधे एक पायरी असते. मी ती पायरीच मोडून टाकली."

"शेवाळाला कसली आलीया पायरी?"

"एक कडक दिवा असतो, आपल्या उन्हापेक्षा जहाल. त्याच्याखाली धरलं. बहुतेक सगळी मेली. वाचली ती थोडीफार बिघडली. त्या बिघडलेल्यांना वेगवेगळं वाढवलं, उपाशी ठेवलं, सगळी लाल झाली. एकच ठिपका पिवळा राहिला. त्याची नेमकी तीच पायरी मोडली होती. आता ते पिवळ्यावरच थांबतं, आणि पिवळंच साठवत बसतं. त्याची पोरंबाळंसुद्धा तशीच."

"मंजी बिघडवून चांगलं केलंस व्हय?"

वर्षाराणी हसली. "तसंच म्हणा."

"आन् त्या पिवळ्याचा उपेग काय?"

"गाजरात असतो तोच रंग. डोळ्यांना लागतो. लहान लेकरांच्या पोटात तो गेला नाही, तर आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, मग बुबुळच पांढरं पडतं."

हरणाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं ओट्याकडं पाहिलं. ओट्यावर तिची धाकटी बहीण इरम्मा बसली होती, लोकर कातत. इरम्माच्या दोन्ही बुबुळांवर दुधाच्या सायीसारखा पडदा होता.

बहात्तरच्या दुष्काळात इरम्मा एवढीशी पोर होती. माय-बाप खडी फोडायला जायचे, आणि कामावर मिळणारी सुकडी नाहीतर अमेरिकेतनं आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकर, एवढंच पोटात जायचं. रानात हिरवं पान औषधाला नव्हतं. दिवेलागणीला इरम्मा भांड्याला अडखळायची, चुलीवर जाऊन धडकायची. आई म्हणायची, पोरगी वांड हाय. मग एकदा ताप आला, आणि ताप गेला तो डोळे घेऊनच गेला. सगळे म्हणाले, देवीचा कोप. हरणाबाईनंही तेच धरून ठेवलं होतं. आई-बाप गेल्यावर तिनं बहिणीला आपल्याकडं आणलं आणि देवीपुढं कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि आज ही पोरगी शेंगा फोडता फोडता सांगत होती, की कोप नव्हताच. चिमूटभर पिवळं कमी पडलं होतं, बस.

हरणाबाई उठली आणि विहिरीकडं निघून गेली. ती तिथं रडली, आणि रडताना तिला रागही आला. एवढ्याशानं गेले माझ्या बहिणीचे डोळे! एवढ्याशानं!

त्यानंतर वर्षाराणीनं शेवाळासाठी वस्तीवर हौद करून घेतला. विहिरीच्या शेजारी, पांढऱ्या ताडपत्रीचा, वर हिरवी जाळी, आणि पाणी ढवळायला मोटरीवरचं छोटं चाक. पिवळ्या वाणाचं शेवाळ त्यात वाढायला लागलं. पोटभर खायला मिळत होतं म्हणून ते अजून हिरवंच होतं. पुढं त्याला उपाशी ठेवायचं होतं, म्हणजे पिवळं झालं असतं. हरणाबाई सकाळी उठून आधी हौदाकडं जायची. कावळा बसू द्यायची नाही, मेंढरू फिरकू द्यायची नाही. शेवाळाची वैरीण शेवाळाची राखणदार झाली, म्हणून बालाजी तिला चिडवायचा, आणि ती त्याच्यावर खराटा उगारायची.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र घात झाला. कॉलेजातला फ्रिज बंद पडला, ते सुट्टी संपेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षाराणीनं बी म्हणून जपून ठेवलेल्या सगळ्या नळ्या गेल्या. आता तो वाण जगात एकाच ठिकाणी उरला, त्यांच्या वस्तीवर. घरात चार बाटल्या होत्या, त्याही तिनं हौद लवकर दाट व्हावा म्हणून ओतून टाकल्या. येळवशीचा सण झाला की हौदातनंच पुन्हा भरून ठेवू, म्हणाली. माणूस हुशार असलं तरी असं करतंच.

आणि मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. आमच्याकडं येळवशीला घरात कुणी राहत नाही. अमावस्येला सगळं गाव रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, कोपीत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, शेंगभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि ताकात ज्वारीचं पीठ नि मीठ घालून आंबवलेली मडकंभर आंबील. पूजा झाली की घरातलं मोठं माणूस आंबील घेऊन रानभर फिरतं, डहाळीनं पिकावर शिंपडतं आणि ओरडतं, "ओलगे, ओलगे!" एक सरी सुटलेली चालत नाही. ज्या पिकाला आंबील मिळाली नाही ते रुसतं, असं सगळे मानतात. आणि रुसलेलं पीक काय करतं, हे बघायला कुणी थांबत नाही.

त्या दिवशी पाहुण्यांनी कोप भरली होती. वर्षाराणी वाढण्यात गुंतली होती. हरणाबाई तांब्या आणि लिंबाची डहाळी घेऊन निघाली. पोटऱ्यात आलेल्या ज्वारीवर शिंपडलं, हरभऱ्यावर शिंपडलं, बांधावरच्या तुरीलाही सोडलं नाही. फिरत फिरत ती विहिरीपाशी आली. हौदातलं पाणी चाकाबरोबर संथ फिरत होतं, गडद हिरवं. ती थबकली. सगळ्या रानाला दिलं आणि ह्यालाच कसं वगळायचं? हे तर डोळ्यांचं पीक. तिनं जाळी वर केली. डहाळीनं शिंपडलं, आणि मग इरम्माचा विचार मनात आला तशी तांब्यात उरलेली सगळी आंबील तिनं हौदात उपडी केली.

"ओलगे, ओलगे," ती हळूच म्हणाली. "पिक बाबा. लेकरांचे डोळे राख."

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आंबील शिंपडली हे काय सांगायचं असतं?

दोनेक दिवसांत हौदावर फेस आला. मग पाण्याचा हिरवा रंग मळकट झाला, आणि आंबूस वास सुटला. वर्षाराणीनं कॉलेजातनं आणलेली जुनी दुर्बीण, म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी, ओट्यावर मांडली. थेंब काचेवर घेतला, डोळा लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"ह्यात काय पडलं?" तिनं विचारलं. "आंबल्यासारखा वास कसा येतोय?"

"आंबीलच हाय ती," हरणाबाई म्हणाली. "येळवशीला म्या शिपली. तांब्याभर."

वर्षाराणीनं तिच्याकडं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हरणाबाईला भांडण झेपायचं. आवाज चढवायचा, पदर खोचायचा, मग संध्याकाळी एका ताटात जेवायचं. पण सून दुर्बिणीजवळ नुसती बसून राहिली.

"सांग की, काय झालं," शेवटी हरणाबाईच म्हणाली.

"आंबील आंबते ती तिच्यातल्या बारीक किड्यांमुळं. ते सगळे हौदात गेले. त्यांना खायला मिळालं, ते वाढले. आपलं हिरवं एकही दिसत नाही. शेपटीनं पोहणारं एकही नाही."

"मेली?"

"तीन वर्षं लागली होती तो एक ठिपका मिळायला," वर्षाराणी म्हणाली. "पुन्हा दिवा लावला तर पुन्हा तसाच मिळेल असं नाही. कदाचित कधीच मिळणार नाही."

ज्या पिकासाठी नवस केल्यासारखं मागणं मागितलं, ते आपल्याच हातानं मारलं. हरणाबाई इरम्माजवळ जाऊन बसली, तिला सगळं सांगितलं. इरम्मा लोकर कातत म्हणाली, "अक्का, वाईट करायला गेलीस का? न्हाय ना? मग गप बस." पण हरणाबाईला गप बसवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं खराटा घेतला. घाण झालेला हौद निदान आपणच धुऊन द्यावा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वर्षाराणी घरातनं पळत आली.

"थांबा आत्या! हात लावू नका!" ती धापा टाकत होती, पण आवाजात कालचा मेलेपणा नव्हता. "मी रात्रभर विचार केला. डोणीतलं आठवा. पाणी आटतं तेव्हा ते मरत नाही. शेपट्या टाकून देतं, जाड कवच करतं आणि तळाला जाऊन बसतं. आंबील म्हणजे त्याच्यावर आलेलं संकटच. आंबट, खारट. घाबरून त्यांनी दारं लावून घेतली असतील, तर ती तळाला असतील."

"मंग बघू की तळाला!"

"लगेच नको. चाक बंद करा, जाळी काढा. आणखी ऊन लागू द्या. दारं पुरती लावू द्या त्यांना." मग तिचा आवाज खाली आला. "आणखी एक आहे. ही डोण शेजारीच आहे. तिच्यातली एक चिमूट हौदात पडायला एखादी चिमणी पुरते. तळाला लाल निघालं, तर ते डोणीतलं, सगळ्या मुलखात मिळतं तसलं. आपलं असेल तर पिवळं निघेल."

"लाल निघालं तर संपलं?"

"संपलं."

आठवडाभर हौद उन्हात पडून राहिला. हरणाबाई दिवसातनं कितीदा तरी तिथं जाऊन उभी राहायची. मळकट पाणी वरवर निवळत गेलं, पण तळ काही दिसेना. मंगळवारी तिनं सवयीनं डोणीपाशी हळद वाहिली, आणि पहिल्यांदाच देवीशी इरम्माच्या डोळ्यांबद्दल बोलली. "तू न्हाईस केलं, कळलं मला आता," ती म्हणाली. "उगं तुझ्यावर ठेवलं इतकी वरसं. पर आता एवढं पिवळं राखून दे."

मग त्यांनी पाणी उपसायला घेतलं. ढवळू नये म्हणून बादली नाही, नुसत्या तांब्यानं, काठाकाठानं. बालाजी शाळेत गेला होता, दोघीच होत्या. पाणी उतरायला लागलं तशी ताडपत्रीच्या काठाला एक रेघ उघडी पडली. लाल. कुंकवाचं बोट ओढावं तशी लाल.

वर्षाराणीचा तांब्या हातातच राहिला. तिनं रेघेवर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि ताडपत्रीवर टेकली. तिचे डोळे भरून आले होते. हरणाबाईनं त्या लालाकडं पाहिलं. जन्मभर ज्याला हात जोडले तेच कुंकू आज तिला सहन होईना.

"उठ," ती म्हणाली. "तळ बघितल्याबिगर म्या सोडायची न्हाय."

ती एकटीच उपसत राहिली. कंबर मोडून आली, पातळ कमरेपर्यंत भिजलं. पाणी घोट्याएवढं झालं, मग बोटभर. वर ऊन आलं होतं. शेवटचा थर तिनं हातानं अलगद बाजूला सारला. तिनं सुनेचा दंड धरून ओढला.

हौदाचा सगळा तळ पिवळा होता. काठाची, डोणीतनं आलेली ती रेघ सोडली तर मधे, चाकाखाली, कोपऱ्यात, जिकडं बघावं तिकडं पिवळंच. देवीपुढं परडीत हळद पसरावी तसं ओलं, चमकदार, उन्हात पेटल्यागत. आंबिलीनं मारायला घेतलं होतं, आणि मरायच्या भीतीनं त्या एवढ्याएवढ्या जिवांनी आपल्याजवळचं सगळं पिवळं करून टाकलं होतं. माणसानं हात लावला होता तो एका पायरीला. बाकी हे सगळं त्यांचं त्यांनी केलं होतं. वर्षाराणी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. हरणाबाईनं हौदातच गुडघे टेकले आणि हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाही सांगता आलं नसतं.

मऊ ब्रशानं वर्षाराणीनं ते पिवळं गोळा केलं, कितीतरी वेळा धुतलं. थोडं थोडं वेगवेगळ्या बाटल्यांत भरलं. ह्या वेळी कॉलेजात, तेरला माहेरी, बालाजीच्या शाळेत, सगळीकडं एकेक पाठवून दिली. एक बाटली ताजं पाणी घालून खिडकीत ठेवली. पण अजून एक भीती होतीच. रंग आहे म्हणजे जीव आहेच असं नाही. ती रोज थेंब काढून बघायची, आणि रोज मान हलवायची.

एका सकाळी ती दुर्बिणीवर वाकली आणि ओरडलीच. "आत्या! या, या, लवकर!"

हरणाबाईनं डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग स्वतःच्या पापण्या, मग एकदम एक गोळा. पिवळाधमक, जाड सालीचा. आणि तो हलत होता. आतनं काहीतरी ढुशा देत होतं.

"काय दिसतंय अक्का?" ओट्यावरनं इरम्मानं विचारलं.

"गोळा हाय बघ, हळदीचा. आन् त्येच्या पोटात... अगं बया! हालतंय काहीतरी. लेकरू हालतंय तसं. पाच-सहा असतील, का जास्त... फुटलं! इरम्मा, फुटलं! निघाली भाईर! पळत्याती गं, चहूकडं पळत्याती. हिरवीगार हायती, मधी नुसतं एक पिवळं टिंब, आईनं न्हाऊ घालून हळद लावल्यागत!"

तिच्या गालावरनं पाणी ओघळत होतं आणि तिला पुसायचं सुचत नव्हतं. साठी उलटेपर्यंत ती ज्याला खराट्यानं घासत आली, त्याच्या एका थेंबात एवढं बाळंतपण चाललं होतं.

इरम्मा चाचपडत उठली. "मला बी बघू दे," ती म्हणाली.

हरणाबाई बाजूला झाली. तिनं बहिणीचे खांदे धरले, मान खाली वाकवली, आणि तो सायीचा डोळा अलगद नळीवर टेकवला. इरम्मा बराच वेळ तशीच राहिली.

"उजेड हाय," ती म्हणाली. मग पुन्हा, अगदी सावकाश, "पिवळा हाय गं, अक्का. पिवळा."

वर्षाराणीनं दुर्बिणीच्या खालच्या जुन्या बल्बकडं पाहिलं. तो आधीपासूनच पिवळट जळायचा. तिनं पदरानं डोळे पुसले आणि इरम्माच्या पाठीवर हात ठेवला.

"होय मावशी," ती म्हणाली. "पिवळाच आहे."